बिघडलेल्या हार्ड डिस्कवरचा डेटा घरी कसा काढायचा: आधी प्रत, मग शोध

हार्ड डिस्क उघडेनाशी झाली की बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. केबल काढून पुन्हा लावायची, संगणक पाच-सहा वेळा बंद-चालू करायचा, कुणीतरी सुचवलेलं रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं आणि ते थेट त्याच डिस्कवर रात्रभर चालत ठेवायचं. सकाळी डिस्क दिसतच नाही. मग 'सॉफ्टवेअर बोगस निघालं' असा निकाल लागतो. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा ठीकच असतं. चुकलेला असतो तो क्रम.

बिघडत चाललेल्या डिस्कपाशी चालण्याचे मोजकेच तास उरलेले असतात आणि ते किती, हे कुणालाच आधी कळत नाही. रिकव्हरी सॉफ्टवेअर फाइली शोधण्यासाठी आधी सगळी डिस्क वाचतं, मग सापडलेल्या फाइली उतरवण्यासाठी तेच भाग पुन्हा वाचतं, आणि अडलेल्या ठिकाणी हटून बसतं. म्हणजे ते तास शोधण्यात जातात आणि उतरवून घ्यायची वेळ येते तेव्हा डिस्क संपलेली असते. म्हणून डिस्ककडून एकच काम करून घ्यायचं: तिची सेक्टरगणिक (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा साठवणीचा छोटा कप्पा) प्रत, म्हणजे इमेज. फाइलींचा शोध नंतर, त्या इमेजवर.

खाली लिहिलेलं फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कसाठी आहे. एसएसडीचं, म्हणजे फिरते भाग नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कचं, गणित वेगळं: तिच्यावरून पुसलेल्या फाइलींची जागा ट्रिम नावाच्या सोयीमुळे लगेच रिकामी धरली जाते आणि मग तिथून सहसा काही परत येत नाही. तिचा कंट्रोलर, म्हणजे ती चालवणारी चिप, गेला तर घरी करण्यासारखं जवळपास काही उरत नाही.

## टप्पा १: हात आवरा

डिस्कवर संशय आला की पहिलं काम म्हणजे ती बंद करणं. विंडोज त्याच डिस्कवर असेल तर संगणक बंद करा आणि 'एकदा चालू होतो का बघू' या मोहात पडू नका. विंडोज सुरू होताना आणि चालू असताना सतत काही ना काही लिहीत असतं.

पुढच्या गोष्टी या टप्प्यावर करायच्याच नाहीत:

- 'डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा' या खिडकीला होकार. ती खिडकी रद्द करून बंद करा.
- डिस्क मॅनेजमेंटमध्ये विचारलं जाणारं 'इनिशियलाइझ'. त्याने डिस्कच्या सुरुवातीला नवा पार्टिशन तक्ता (डिस्कचे भाग कुठून कुठवर आहेत याची नोंद) लिहिला जातो.
- त्याच डिस्कवर रिकव्हरी सॉफ्टवेअर बसवणं किंवा सापडलेल्या फाइली तिथेच साठवणं.
- चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन.

चेकडिस्कबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण जाणकार म्हणवणारेसुद्धा आधी तेच चालवायला सांगतात. दुरुस्तीच्या पर्यायासह चालवलेल्या चेकडिस्कचं काम फाइल सिस्टम (कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंदव्यवस्था) सुसंगत करणं हे आहे, तुमच्या फाइली वाचवणं नव्हे. एखाद्या फोल्डरची नोंद वाचता आली नाही तर ती नोंद काढून टाकली की फाइल सिस्टम पुन्हा सुसंगत होते. चेकडिस्कच्या दृष्टीने काम फत्ते. तुमच्या हाती येतात ते नाव गेलेले, अर्धवट तुकडे. शिवाय हे सगळं मूळ डिस्कवर लिहून होतं, त्यामुळे मागे फिरायची वाट बंद होते. निरोगी डिस्कवर वीज गेल्यामुळे झालेल्या गोंधळासाठी चेकडिस्क चांगलं आहे. आजारी डिस्कवर नाही.

## टप्पा २: डिस्क ऐका आणि घरचं काम आहे का ते ठरवा

डिस्क एकदाच चालू करा आणि कान लावा. पंधरा-वीस सेकंद पुरतात.

ठरावीक लयीत टक्-टक् असा आवाज येत असेल, घासल्यासारखा किंवा खरवडल्यासारखा आवाज असेल, बारीक बीपसारखा आवाज येऊन मोटर फिरतच नसेल, तर लगेच वीज काढा. डिस्क चालू असताना पडली असेल, पाण्यात भिजली असेल, जळका वास येत असेल, तर चालू करून ऐकूही नका. ही सगळी कामं रिकव्हरी प्रयोगशाळेची आहेत.

कारण समजून घेतलं तर मोह आवरतो. वाचणारं हेड तबकडीला टेकत नाही. हवेच्या पातळ थरावर ते काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. धुळीचा साधा कण या अंतरापेक्षा कितीतरी मोठा असतो. हेड वाकलं किंवा तुटलं असेल तर तबकडीच्या प्रत्येक फेरीसोबत चुंबकीय थर खरवडला जातो आणि त्याची पूड बाकीच्या पृष्ठभागावर पसरते. खरवडून गेलेल्या थरावरचा डेटा कुठलीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही.

म्हणून 'आधी घरी प्रयत्न करू, नाही जमलं तर प्रयोगशाळेत देऊ' हा विचार वरच्या लक्षणांच्या बाबतीत उलटा आहे. घरचा प्रयत्न हाच पुष्कळदा प्रयोगशाळेच्या अपयशाचं कारण ठरतो.

इशारा: इंटरनेटवर वर्षानुवर्षं फिरणारे चार उपाय करू नका.

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली की बाहेर काढताना तबकड्यांवर बाष्प जमतं आणि ते बाष्प हेडचा घात करतं. डिस्कवर टिचक्या किंवा ठोके मारून अडकलेलं हेड सुटलं तरी सुटताना ते काय ओरबाडेल याचा नेम नाही. झाकण उघडून आत 'फक्त बघणं' हेदेखील धूळ आत सोडणंच आहे. आणि तशाच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कची सर्किट पाटी काढून लावणं जुन्या काळी चालून जायचं; आताच्या डिस्कच्या पाटीवरच्या रॉममध्ये त्या एकाच डिस्कची हेडची मोजमापं साठवलेली असतात. ती माहिती नव्या पाटीवर नेल्याशिवाय डिस्क चालत नाही, आणि परक्या मोजमापांवर चालवू पाहिली तर आणखी बिघडू शकते.

भिजलेल्या डिस्कला हेअर ड्रायर लावू नका, उन्हात ठेवू नका. पाणी वाळताना त्यातला गाळ आणि क्षार तबकडीवर चिकटतात. आहे तशी, न वाळवता, बंद पिशवीत प्रयोगशाळेत लवकर पोचवा.

प्रयोगशाळा निवडताना तीन गोष्टी विचारा: डेटा मिळाला नाही तर किती पैसे घेणार, पैसे देण्याआधी सापडलेल्या फाइलींची यादी दाखवणार का, आणि डिस्क उघडायची झाली तर धूळमुक्त जागेत उघडणार का. नीट उत्तर मिळालं नाही तर डिस्क तशीच परत घ्या.

तपासा: घरी पुढे जायचं तर तीन अटी पूर्ण व्हायला हव्यात. डिस्क नेहमीसारखी फिरते आहे. विचित्र आवाज नाही. आणि बायोस (विंडोजच्या आधी उघडणारा संगणकाचा सेटिंगचा पडदा) किंवा डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिचं मॉडेल आणि क्षमता बरोबर दिसते आहे. क्षमता शून्य दिसत असेल किंवा मॉडेलच्या जागी भलतंच नाव येत असेल तर बिघाड डिस्कच्या फर्मवेअरचा (तिला चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरचा) असण्याची शक्यता मोठी. तो घरच्या साधनांनी सुटत नाही.

## टप्पा ३: साधे संशय आधी मिटवा

डिस्क ठीक आणि भोवतालचं काही बिघडलेलं, असंही बरेचदा निघतं.

केबल बदला. साटा केबल (डिस्क थेट मदरबोर्डला जोडणारी) असो की यूएसबी, दुसरी खात्रीची केबल लावून पाहा. एक्स्टेन्शन केबल आणि यूएसबी हब मधून काढून टाका. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टऐवजी मागचं, थेट मदरबोर्डवरचं पोर्ट वापरा. साडेतीन इंची डिस्कला ५ व्होल्टसोबत १२ व्होल्टही लागतात, त्यामुळे तिचा अॅडॉप्टर कमजोर झाला की ती मरणासन्न डिस्कसारखीच वागते. अॅडॉप्टर बदलून पाहा, पण त्याच व्होल्टचा आणि त्याच ध्रुवतेचा. चुकीचा अॅडॉप्टर लावून चांगली पाटी जाळलेले पुष्कळ भेटतात.

बाह्य डिस्क केसिंगमधून काढून थेट साटाला लावणं हा चांगला उपाय आहे, पण त्यात दोन खड्डे आहेत. काही बाह्य डिस्कच्या यूएसबी पाटीवरच डेटा कूटबद्ध केला जातो. पासवर्ड तुम्ही कधी ठेवला नसला तरीही. अशी डिस्क थेट जोडली तर सगळा कचराच दिसतो. दुसरा खड्डा असा की काही केसिंग ५१२ बाइटच्या सेक्टरची डिस्क ४०९६ बाइटच्या सेक्टरची म्हणून दाखवतात. ती बाहेर काढली की पार्टिशन 'नाहीसं' होतं, डेटा मात्र जागेवर असतो. दोन्ही वेळा केसिंगची पाटी जपून ठेवा, टाकून देऊ नका. काही छोट्या बाह्य डिस्कवर तर यूएसबी पोर्ट डिस्कच्याच पाटीवर असतं; तिथे साटा मिळतच नाही, उघडाउघडी करू नका.

आता स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदी, एकदा पाहून घ्या. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर स्मार्टसीटीएल. चार ओळी पुरेशा आहेत:

- ५ क्रमांक: बदली दिलेले सेक्टर.
- १९७: वाचता न येणारे, निर्णय बाकी असलेले सेक्टर. आपल्या कामासाठी सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच.
- १९८: तपासणीत कायमचे अडलेले सेक्टर.
- १९९: डिस्क आणि संगणक यांच्यातल्या वाहतुकीतल्या चुका. फक्त हाच आकडा मोठा असेल आणि बाकीचे शून्य, तर केबलवर संशय घ्या.

क्रिस्टलडिस्कइन्फो मूळ आकडे सोळाच्या पटीतल्या पद्धतीने दाखवतं, म्हणजे तिथलं १० हे आपले १६. सेटिंगमध्ये ते बदलता येतं. आणि वर मोठ्या अक्षरात 'गुड' लिहिलेलं असलं तरी त्यावर विसंबू नका. १९७ मध्ये शून्याखेरीज काहीही असेल तर डिस्क आजारी समजूनच पुढे चला.

इशारा: स्मार्टची लांब चाचणी किंवा बॅड सेक्टर शोधणारा सरफेस स्कॅन आत्ता करू नका. सगळी डिस्क वाचायचीच आहे तर ती वाचताना प्रत पदरात पडली पाहिजे.

## टप्पा ४: तयारी

इथे घाई केली की टप्पा ६ मध्ये भोगावं लागतं.

जागा. प्रत घ्यायची डिस्क मूळ डिस्कपेक्षा मोठी हवी. १ टीबीच्या डिस्कवर २०० जीबीच फाइली असल्या तरी इमेज १ टीबीचीच होते, कारण रिकाम्या वाटणाऱ्या जागेचीही प्रत होते. त्यातून पुढे फाइली काढून ठेवायलाही जागा लागेल. शक्य असेल तर दुप्पट धरा. ही डिस्क एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेली नको. तिथे ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि इमेज तर एकच अजस्र फाइल असते. एनटीएफएस, एक्सफॅट किंवा एक्स्ट४ चालेल.

लिनक्सचा पेनड्राइव्ह. प्रत घेण्यासाठी विंडोज नको. विंडोज डिस्क जोडल्याक्षणी ती उघडू पाहतं, तिच्यावर स्वतःचं फोल्डर लिहू पाहतं आणि बॅड सेक्टरवर अडलं की गोठतं. सिस्टमरेस्क्यू नावाचं लिनक्स पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून संगणक सुरू करा. त्यात लागणारी सगळी साधनं आधीपासून असतात. पेनड्राइव्ह दुसऱ्या चांगल्या संगणकावर तयार करायचा, हे सांगायला नको, पण सांगावं लागतं.

साधन. प्रत घेण्यासाठी आपल्याला हवं ते ग्नू डीडीरेस्क्यू (ddrescue). नावांचा घोळ लक्षात ठेवा: डेबियन आणि उबंटूवर ते 'जीडीडीरेस्क्यू' या नावाच्या पॅकेजमध्ये येतं, आणि नावात अधोरेखा असलेलं 'डीडी_रेस्क्यू' हे वेगळंच साधन आहे. त्याचे पर्याय वेगळे, त्याला टप्पा ६ मधली कमांड लागू नाही. साधं 'डीडी' तर वापरूच नका. ते पहिल्याच बॅड सेक्टरला थांबतं.

बारीकसारीक. लॅपटॉप चार्जरला लावा आणि झोपण्याची सेटिंग बंद करा. डिस्क सपाट, न हलणाऱ्या जागी ठेवा आणि तिच्यावर छोट्या पंख्याचा वारा सोडा. तापलेली डिस्क जास्त चुका करते. जमल्यास यूएसबीऐवजी थेट साटा वापरा. डिस्कचं मॉडेल, सीरियल क्रमांक आणि क्षमता कागदावर लिहून ठेवा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कूटबद्ध करणारं कुलूप) लावलेला असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आत्ताच शोधा. नव्या लॅपटॉपवर ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आपोआप साठवलेली असू शकते. की मिळाली नाही तर इमेज कितीही नेटकी आली तरी ती उघडणार नाही.

## टप्पा ५: कोणती डिस्क कोणती

सगळ्या प्रक्रियेत डेटा कायमचा घालवणारी एकच चूक निवडायची झाली तर ही: मूळ आणि प्रत यांची अदलाबदल. रिकाम्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर. मागे फिरणं नाही.

संगणकातल्या बाकीच्या सगळ्या डिस्क काढता येत असतील तर काढा. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू झालं की एलएसबीएलके (lsblk) ही कमांड देऊन डिस्कची यादी पाहा. मॉडेल, सीरियल क्रमांक आणि आकार हे रकाने मागून घ्या. कागदावरच्या नोंदीशी सीरियल क्रमांक जुळवा. नुसत्या आकारावर जाऊ नका, सारख्या आकाराच्या दोन डिस्क असतील तर तिथेच फसगत होते.

लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावं देतं, पण ती कायमची नसतात. डिस्क काढून पुन्हा लावली किंवा संगणक पुन्हा सुरू केला की कालची एसडीबी आज एसडीसी होऊ शकते. म्हणून प्रत्येक वेळी नव्याने तपासा.

तपासा: मूळ डिस्क माउंट झालेली, म्हणजे फाइली वाचण्या-लिहिण्यासाठी उघडलेली, नाही ना? यादीत तिच्या पुढचा माउंटचा रकाना रिकामा हवा. प्रत घ्यायची डिस्क मात्र माउंट केलेली हवी. आणि प्रत सगळ्या डिस्कची घ्यायची आहे, एका पार्टिशनची नव्हे: एसडीबी लिहा, एसडीबी१ नव्हे. पार्टिशन तक्ता बिघडलेला असेल तर पार्टिशनच्या सीमासुद्धा चुकीच्या असू शकतात.

## टप्पा ६: इमेज घ्या

डीडीरेस्क्यूच्या कमांडमध्ये पर्यायांनंतर तीन नावं याच क्रमाने येतात: मूळ डिस्क, इमेजची फाइल, मॅपफाइल. आधी कुठून, मग कुठे, मग नोंद. एंटर दाबण्यापूर्वी हा क्रम मोठ्याने वाचा.

मॅपफाइल देणं ऐच्छिक आहे, पण तुम्ही ते सक्तीचं माना. कुठला भाग वाचून झाला, कुठला सोडला, कुठला वाईट निघाला याची सगळी नोंद तिच्यात होते. वीज गेली, डिस्क अडली, तुम्ही थांबवलं, तरी तीच कमांड पुन्हा दिली की काम उरलेल्या भागापासून पुढे सुरू होतं. मॅपफाइल नसेल तर पुन्हा पहिल्यापासून.

इशारा: मॅपफाइल इमेजशेजारी, प्रतीच्या डिस्कवरच ठेवा. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवलेली फाइल खरी मेमरीत असते. संगणक बंद झाला की ती गेली. दोन दिवसांचं काम झाल्यावर हे कळणं फार वाईट.

पहिली फेरी 'एन' (-n) या पर्यायासह करा. यात साधन सहज वाचता येणारा भाग पटापट उतरवून घेतं, अडलं की तिथे झगडत न बसता पुढे उडी मारतं आणि शेवटच्या बारीक खरवडीचा भाग सोडून देतं. चांगला माल आधी घरात येतो. आंबराईत पिकलेले आंबे आधी उतरवावेत आणि शेंड्यावरच्या दोन कैऱ्यांसाठी फांदी मोडेपर्यंत हलवू नये, तसंच हे.

वेळ किती लागेल? सेकंदाला १०० एमबी वेगाने १ टीबीला पावणेतीन तासांच्या आसपास. तोच वेग ५ एमबीवर आला तर पंचावन्न तास. आजारी डिस्कवर वेग सतत चढउतार करतो, त्यामुळे पडद्यावर दिसणाऱ्या उरलेल्या वेळेकडे फार लक्ष देऊ नका. 'रेस्क्यूड'ची टक्केवारी आणि शेवटचं यशस्वी वाचन कधी झालं, या दोन ओळी पाहा.

चालू असताना नवा आवाज सुरू झाला, टक्-टक् ऐकू आली, तर कंट्रोल-सी दाबा, डिस्कची वीज काढा आणि टप्पा २ वर परत जा. आतापर्यंतची इमेज आणि मॅपफाइल जपून ठेवा.

आवाज न होता डिस्क यादीतूनच गायब झाली तर वेगळी गोष्ट. अशा वेळी चुकांचा आकडा अचानक सुसाट वाढतो, कारण साधनाला आता प्रत्येक सेक्टर वाईट वाटतो. लगेच थांबवा. डिस्क बंद करून निवू द्या, पुन्हा जोडा, नाव बदललं का ते पाहा आणि बदललेल्या नावाने, पण तीच इमेज आणि तीच मॅपफाइल देऊन पुढे चला. गायब झाल्यानंतर चुकून 'वाईट' म्हणून नोंदलेले भाग दुसऱ्या फेरीत पुन्हा वाचले जातील.

दुसरी फेरी पहिली पूर्ण झाल्यावर. 'एन' काढा, 'डी' (-d) लावा, म्हणजे लिनक्सच्या मधल्या साठ्याला वळसा घालून थेट वाचन होतं. 'आर' पुढे ३ लिहा (-r3), म्हणजे वाईट भागांवर तीनदा प्रयत्न होतील. इमेज आणि मॅपफाइल तीच. हट्टी भाग उरला तर मोठा 'आर' (-R) लावून उलट्या दिशेने एक फेरी करून पाहता येते. शेवटाकडून आलं की कधीकधी वाईट पट्ट्याची पलीकडची कड वाचली जाते.

कुठे थांबायचं? माझं मत: एका पूर्ण फेरीत नवं काही मिळालं नाही की थांबावं. आर पुढे शंभर लिहून आठवडाभर डिस्क तासत बसण्याला अर्थ नाही. ९९.९९ टक्के आकडा पाहून हुरळूनही जाऊ नका; १ टीबीत उरलेला ०.०१ टक्का म्हणजे १०० एमबी. तो कुणी न पाहिलेल्या सिनेमात असेल तर काहीच बिघडलं नाही, फाइलींच्या नोंदवहीत असेल तर पुष्कळ बिघडलं.

तपासा: इमेजचा आकार मूळ डिस्कच्या बाइटमधल्या आकाराइतका आहे का? असेल तर मूळ डिस्क काढा, तिच्यावर चिठ्ठी लावा आणि कपाटात ठेवा. पुढच्या कामात तिची गरज नाही.

## टप्पा ७: इमेजमधून फाइली काढा

इमेज फाइलला आधी 'फक्त वाचन' अशी खूण करा. जागा असेल तर तिची आणखी एक प्रत काढा. काहीही लिहिणारा प्रयोग त्या दुसऱ्या प्रतीवर.

आता पायऱ्या सोप्याकडून अवघडाकडे. बहुतेक जण उलटे जातात, म्हणजे थेट फोटोरेक चालवतात आणि मग बिनानावाच्या चाळीस हजार फाइलींसमोर बसतात.

पहिली पायरी: नुसती उघडून पाहा. लिनक्सवर इमेज लूप डिव्हाइस म्हणून, म्हणजे ती फाइल जणू खरी डिस्क असल्यासारखी, फक्त वाचनासाठी माउंट करा. विंडोजवर आर्सेनल इमेज माउंटर हेच काम करतं, तेही फक्त वाचनाच्या पर्यायाने. मूळ डिस्क अडत होती ती दोन-चार वाईट सेक्टरमुळे. इमेजमध्ये तिथे नुसती शून्यं असतात आणि अडायला काही उरत नाही. त्यामुळे सगळी फोल्डरं नावांसकट समोर येतात, असं अनेकदा घडतं. मग नेहमीसारखी कॉपी करा आणि टप्पा ८ वर जा. बिटलॉकर असेल तर या पायरीवर की द्यायची.

दुसरी पायरी: हरवलेलं पार्टिशन. पार्टिशन दिसत नसेल किंवा 'रॉ' (फाइल सिस्टम ओळखता आली नाही) दाखवत असेल तर टेस्टडिस्क इमेजवर चालवा. ते जुन्या पार्टिशनच्या खुणा शोधतं आणि त्यातली फाइलयादी दाखवतं. यादी बरोबर दिसली तर तिथूनच फाइली कॉपी करता येतात. एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची राखीव प्रत पार्टिशनच्या शेवटी ठेवतं, एफएटी३२ बहुधा सहाव्या सेक्टरवर. मूळ बूट सेक्टर गेला असेल तर टेस्टडिस्क राखीव प्रतीवरून तो बसवू शकतं. 'राइट' म्हणण्याआधी तुम्ही इमेजच्या दुसऱ्या प्रतीवर आहात ना, ते पाहा.

तिसरी पायरी: फाइल सिस्टमचा स्कॅन. डीएमडीई किंवा आर-स्टुडिओसारखी सॉफ्टवेअर इमेज फाइल थेट उघडतात आणि उरलेल्या नोंदींवरून फोल्डरांची रचना पुन्हा उभी करतात. विकत घेण्याआधी फुकट आवृत्तीत स्कॅन करून फोल्डरांचं झाड दिसतं का आणि एक-दोन फाइली खरोखर उघडतात का, ते पाहून घ्या. नुसती नावं दिसणं म्हणजे फाइल मिळणं नव्हे.

शेवटची पायरी: फोटोरेक. फाइल सिस्टमच्या नोंदी पार गेल्या असतील तरच. फोटोरेक नोंदींकडे पाहतच नाही; प्रत्येक प्रकारच्या फाइलच्या सुरुवातीला असलेली ठरावीक खूण शोधून तिथून पुढचा मजकूर उचलतं. नावात 'फोटो' असलं तरी ते फक्त फोटोंसाठी नाही, कागदपत्रं आणि व्हिडिओही काढतं. पण मूळ नावं आणि फोल्डरं मिळत नाहीत, आणि डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली मोठी फाइल बहुधा मोडकीच येते. सुरुवातीलाच फाइलींचे प्रकार निवडायचा पर्याय असतो. सगळे प्रकार बंद करा आणि हवे तेवढेच चालू करा, नाहीतर ब्राउझरने साठवलेली चिमुकली चित्रं निवडण्यात आठवडा जाईल.

इशारा: काढलेल्या फाइली इमेज असलेल्या डिस्कवर ठेवायला हरकत नाही, मूळ डिस्कवर कधीच नाही. 'जागा तिथेच आहे' हे कारण ऐकायला पटतं, म्हणूनच लोक फसतात.

## टप्पा ८: मिळालं ते खरं आहे का

फाइलीचं नाव बरोबर, आकार बरोबर, आत शून्यं. न वाचलेल्या सेक्टरच्या जागी इमेजमध्ये रिकामी जागा राहिलेली असते आणि कॉपी करताना कुणी तक्रार करत नाही. म्हणून नुसती यादी पाहून समाधान मानू नका. फोटो मोठे करून पाहा, लघुचित्र पाहून नव्हे. लघुचित्र वेगळं साठवलेलं असल्याने मूळ फोटो मोडला तरी ते छान दिसतं. व्हिडिओ मधून आणि शेवटाकडून चालवा. झिप फाइली उघडून त्यांची चाचणी करा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा त्या सॉफ्टवेअरमध्येच उघडून ताळेबंद जुळवा.

हजारो फाइली असतील तर मॅपफाइल इथे पुन्हा उपयोगी पडते. डीडीरेस्क्यूमध्ये भरणीचा एक प्रकार आहे: वाईट म्हणून नोंदलेल्या जागी तुम्ही दिलेला मजकूर भरायचा. इमेजच्या दुसऱ्या प्रतीवर एखादा अजब, कुठेही न सापडणारा शब्द त्या जागी भरा. मग ती प्रत माउंट करून ग्रेप (grep) या लिनक्सच्या शब्द शोधणाऱ्या कमांडने सगळ्या फाइलींत तो शब्द शोधा. ज्या फाइलीत सापडेल ती मोडलेली. शोध संपला की मोडक्या फाइलींची नेमकी यादी हातात येते, आणि त्यातल्या किती जुन्या ईमेलमध्ये, फोनमध्ये किंवा कुणाला पाठवलेल्या प्रतीत मिळतील ते पाहता येतं. हे फक्त माउंट होणाऱ्या इमेजवर चालतं. फोटोरेकने काढलेल्या फाइली एकेक उघडूनच पाहाव्या लागतात.

यादीतल्या महत्त्वाच्या फाइली कुठेच मिळत नसतील, तर मूळ डिस्क आता प्रयोगशाळेकडे पाठवण्यात अर्थ आहे. सोबत तुमची मॅपफाइल द्या. फक्त उरलेले भागच वाचायचे आहेत हे त्यांना कळेल.

डिस्क वॉरंटीत असेल तरी तपासणी पूर्ण होईपर्यंत ती बदलून घ्यायला पाठवू नका. साध्या वॉरंटीत कंपनी बदली डिस्क देते, डेटा देत नाही, आणि पाठवलेली डिस्क सहसा परत येत नाही.